सव्वासातच्या पेशंटचं पत्र

प्रिय फिजिओ मॅडम,

स. न. वि. वि.

तुमचा नंबर माझ्याकडे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर जोडलेले हात पाठवून मोकळं होता आलं असतं. पण तसले हात तुम्हाला दिवसाला पन्नास येत असतील, आणि मला जे सांगायचंय ते त्यात मावत नाही. शिवाय हे पत्र माझ्या ऑफिसातल्या काही जणांनी वाचावं, हा माझा स्वार्थ आहेच.

ओळख पटावी म्हणून सांगतो. कर्वेनगर, तळमजल्यावरच्या तुमच्या दोन खोल्या, संध्याकाळी सव्वासात, डावा खांदा. हिंजवडीहून येताना भूमकर चौकात अडकून रोज दहा मिनिटं उशिरा येणारा. पहिल्या दिवशी तुम्ही मला 'सर' म्हणालात, तिसऱ्या दिवसापासून 'काका'. सत्तेचाळिसाव्या वर्षी ते खांद्याइतकंच दुखलं होतं, पण असो.

खांदा जानेवारीपासूनच कुरकुरत होता. शर्टाची डावी बाही आधी चढवायची, पाकीट मागच्या खिशातून पुढच्या खिशात आणायचं, वरच्या फळीवरचा डबा बायकोला काढायला सांगायचा, अशा पळवाटा मी काढत गेलो. पाडव्याला, ९ एप्रिल २०२४ला, पळवाटा संपल्या. बाल्कनीत गुढीची काठी उचलली आणि हात कानापर्यंतही जाईना. शेवटी मुलाने गुढी बांधली. मी बाजूला उभा राहून 'सरळ धर' एवढं म्हणालो.

तोवर बाकीचं सगळं करून झालं होतं. डावा हात दुखतो म्हणून रात्री दोन वाजता इंटरनेटवर शोधलं तर माणसाला हार्ट अटॅकशिवाय काही सापडत नाही. ईसीजी काढला, स्वच्छ निघाला. एका दवाखान्यात दोन मिनिटांत वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. मग चॅटबॉटला विचारलं. त्याने सात कारणांची शिस्तशीर यादी दिली आणि त्यात पाचव्या नंबरवर मधुमेह होता. हे मला आत्ता माहीत आहे, कारण परवा ते संभाषण परत उघडून बघितलं. तेव्हा मी पहिल्या नंबरचं 'चुकीच्या पद्धतीने बसणं' तेवढं वाचलं, साडेनऊ हजारांची नवी खुर्ची मागवली आणि लॅपटॉप मिटला.

तुम्ही मात्र खांद्याला हात लावायच्या आधी वही उघडलीत.

'घरात कोणाला शुगर?'

'आईला होती.'

'तुम्हाला?'

'नाही.'

'कधी तपासली होती?'

यावर मी भिंतीवरच्या स्नायूंच्या तक्त्याकडे बघायला लागलो. कंपनी दर वर्षी फुकट तपासणीचं कूपन पाठवते, आणि तीन वर्षांची कूपनं मी ईमेलमध्येच कुजवली होती. मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं, झोप मोजतं, ठोके मोजतं, तासभर बसून राहिलो तर 'उठा' म्हणून थरथरतं. त्या थरथरण्यालाच मी तब्येतीची काळजी घेणं समजत होतो. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं पेन वर धरून थांबलात. मग म्हणालात, 'उद्या उपाशीपोटी जाऊन या. एचबीएवनसीसुद्धा करा. रिपोर्ट आणल्याशिवाय मी पुढची सिटिंग देणार नाही.'

रिपोर्टमध्ये एचबीएवनसीचा आकडा होता ८.१. साडेसहाच्या पुढे मधुमेह, एवढं तर मलाही माहीत होतं. बाकीचं तुम्ही शेकाची पिशवी खांद्यावर ठेवून समजावलंत. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून ही तपासणी कालच्या जेवणाचं नाही तर गेल्या दोन-तीन महिन्यांचं सांगते. आमच्या आयटीच्या भाषेत, एका क्षणाचा स्क्रीनशॉट नव्हे, घडलेल्या सगळ्याची नोंद ठेवणारी लॉग फाइल. आणि तीच साखर सांध्याच्या आवरणातल्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनालाही चिकटून ते ताठ करत असावी असं मानतात, म्हणून मधुमेह्यांमध्ये फ्रोझन शोल्डर, म्हणजे असा आखडलेला खांदा, जास्त दिसतो. दुखत होता खांदा आणि भानगड होती रक्तात.

मॅडम, त्या दिवशी मला खरी लाज वाटली ती माझ्या धंद्याची. मी पंचवीस वर्षं हेच काम करतो. सर्व्हरने रात्री अलर्ट दिला आणि एखाद्या पोराने कारण न शोधता तो म्यूट करून टाकला, की सकाळच्या मीटिंगमध्ये मी त्याला सोलून काढतो. 'रूट कॉज काय?' हा माझा आवडता प्रश्न आहे, माझी त्यावरून नक्कलही करतात. आणि स्वतःच्या खांद्याचा अलर्ट मी तीन महिने गोळ्यांनी म्यूट करत होतो.

पहिली नोकरी लागली ती १९९९ साली, वायटूकेच्या कामावर, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकांच्या तारखा चुकू नयेत म्हणून चाललेल्या दुरुस्तीवर. कोबोल भाषेतल्या जुन्या प्रोग्रामांत वर्षाचे दोनच आकडे साठवलेले असायचे. सगळीकडे चार आकडे करायला वेळ नसला की आम्ही एक जुगाड करायचो: ५०च्या आतलं वर्ष आलं तर २००० नंतरचं समज, ५०च्या पुढचं आलं तर १९०० नंतरचं. काम भागायचं. दुरुस्ती काही झालेली नसायची, रोग फक्त पुढच्या पिढीच्या अंगावर ढकललेला असायचा. माझी आई गेली तेव्हापासून 'चाळिशीनंतर बघू', मग 'पंचेचाळिशीनंतर बघू' असं मी साखरेच्या तपासणीचं करत आलो, ते अगदी याच चालीवर.

आता तुमच्या वहीबद्दल. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, प्रत्येक पेशंटला दोन पानं. दर शनिवारी तुम्ही तो प्लास्टिकचा दोन पट्ट्यांचा कोनमापक माझ्या दंडाला लावायचात आणि हात किती अंश वर जातो तो आकडा लिहायचात. ९५. मग ९५. मग ९०. 'कमी झाला की!' मी ओरडलो होतो. तुम्ही म्हणालात, 'आज भूमकर चौकातून चिडून आलाय तुम्ही. पुढच्या शनिवारी बघू.' पुढच्या शनिवारी १०५ भरला. भिंतीवरच्या लाकडी शिडीच्या पायऱ्या बोटांनी चढताना मी खांदा उचकून एक पायरी लबाडीने वर जायचो. प्रत्येक वेळी तुम्ही पाठमोऱ्या असायचात, दुसऱ्या पेशंटपाशी, आणि तरी म्हणायचात, 'काका, लबाडी नको. दहा म्हणजे दहा.' कसं कळायचं, हे मला अजून कळलेलं नाही. श्वासावरून असावं.

लंबकाचा व्यायाम मी ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये करायचो. टेबलावर उजवा हात टेकून वाकायचं आणि डावा लोंबता सोडून हलवायचा. एकदा एचआरची मुलगी आत आली आणि टेबलाखाली काय हरवलंय ते शोधायला तीही वाकली.

साखरेचं पुढचं काम डॉक्टरांनी केलं, गोळ्या चालू आहेत. दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटं चालतो. भात निम्म्यावर आणलाय, यावर घरात अजून वाद होतात. सहा महिन्यांनी आकडा ६.७ आला. खांद्याने मात्र त्याचा वेळ घेतलाच, ते तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एक-एक अंश मिळवत महिने गेले.

ऑफिसचा स्वार्थ तो हा. टीममधल्या दोघांना मी यंदा जवळजवळ हाताला धरून तपासणीला नेलं. एकाचा आकडा सीमारेषेवर निघाला आणि तो आता माझ्याशी धड बोलत नाही. बाकीचे 'नंतर बघू' म्हणतायत. त्यांना हे पत्र पाठवणार आहे. 'कधी तपासली होती?' हा प्रश्न माझ्यापेक्षा तुमच्या तोंडून त्यांना जास्त लागेल.

डिसेंबरात तुम्ही लग्न होऊन नाशिकला गेलात. शेवटच्या सिटिंगला मी फी दिली, पावती घेतली आणि 'चला, येतो' म्हणून निघालो. तळमजल्यावरून इमारतीबाहेर पडायला जितका वेळ लागतो तेवढ्यात लक्षात आलं, की आभार मानायचे राहिले. परत फिरलो नाही. संकोच वाटला.

३० मार्चला पाडवा झाला. यंदा काठी मी धरली, वर तांब्या मी पालथा घातला. हात पूर्ण सरळ होत नाही, तुमच्या वहीतल्या शेवटच्या आकड्यावर, १६०वर, अडतो. गुढीला तेवढा पुरतो. साखरेची गाठी बाजारातून सगळ्यात लहान आणली होती, ती संध्याकाळी मुलाने एकट्याने संपवली. माझ्या वाट्याला बायकोने कडुनिंबाची पानं दुप्पट वाढली.

मनापासून आभार, मॅडम.

आपला,
डावा खांदा, सव्वासात