उत्तर बरोबर, पण अट गाळली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतल्या तीन दारांच्या कोड्यावरून आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर चांगलीच जुंपली आहे. तीन बंद दारे, एकामागे मोटार, दोहोंमागे बकऱ्या; आपण एक दार निवडतो, मग उरलेल्यांतले एक उघडले जाते, त्यामागे बकरी निघते. आता आपले दार बदलावे की नाही, हे ते कोडे. दार बदलावे, तीनपैकी दोनदा मोटार मिळते, हे आपले उत्तर बरोबरच आहे. पण कोडे छापताना कळीची अट गाळलीत. दार उघडणाऱ्याला मोटार कुठे आहे हे ठाऊक असते आणि तो दर वेळी मुद्दाम बकरीचेच दार उघडतो. हे सांगितले नाही, तर उत्तराला आधारच उरत नाही.

मी गणिताच्या शिकवण्या घेते. स्टीलच्या तीन वाट्या पालथ्या घालते, एकीखाली रुपया. मुलाने एकीवर बोट ठेवले, की उरलेल्यांतली रिकामी मी उचलते. बोट हलवायला कोणी राजी नसते. "बदललं आणि पहिल्याच वाटीखाली निघाला तर?" हातचे घालवल्याची हळहळ मोठी, 'दोनच उरल्या, म्हणजे निम्मे-निम्मे' हे कारण मागाहून येते, असे माझे मत. अमेरिकेत ग्रॅनबर्ग आणि ब्राउन यांच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निवड बदलणारे जेमतेम १३ टक्के होते.

मग मी दहा वाट्या मांडते आणि आठ रिकाम्या उचलते. "काकू, ही तुम्ही मुद्दाम ठेवलीत!" मला तेवढेच ऐकायचे असते. त्याच आठ वाट्या मांजराने उलटवल्या आणि योगायोगाने रिकाम्या निघाल्या, तर मात्र उरलेल्या दोन्हींना सारखीच संधी. समोरचे दृश्य तेच, उत्तर निराळे. फरक आहे तो उचलणाऱ्याला काय माहीत होते याचा, आणि नेमका तोच कोणी हिशेबात धरत नाही.

१९९० साली 'परेड' या अमेरिकी नियतकालिकात मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी हेच उत्तर दिले, तेव्हा सुमारे दहा हजार पत्रे आली, बहुतेक त्यांना चूक ठरवणारी. लिहिणाऱ्यांत पीएचडीवाले जवळजवळ हजार! पॉल एर्डॉशसारख्या गणितीलाही संगणकावर करून दाखवेपर्यंत पटले नव्हते. तेव्हा आमच्या कट्ट्यावरचे निवृत्त इंजिनिअर "पेपरात आलं म्हणून बरोबर का?" म्हणून अडून बसले, तर नवल नाही. आपण छापलेल्या मजकुरापुरते त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही, ही खरी अडचण.

येत्या रविवारी ती अट कोड्याइतक्याच ठळक टाइपात छापावी. आतल्या पानावरच्या 'चूकभूल' सदरात नको. ते कट्ट्यावर कोणी वाचत नाही.

आपली,
एक शिकवणीवाल्या बाई
कोथरूड, पुणे ३८