२०३२ चा निकाल लावलात, मतदार यादी पाहिलीत का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, आयर्लंडमधल्या २०३२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवरचा कल्पनालेख काल वाचला. काल म्हणजे सोमवारी. तुमची रविवारची पुरवणी आमच्या गावात सोमवारच्या एसटीने येते. त्याबद्दल मी मागे दोन पत्रे पाठवली होती, तीही बहुधा त्याच एसटीत बसली असावीत. असो.

लेखकांची कल्पनाशक्ती दांडगी आहे, हे आधी मान्य करतो. आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचा, म्हणजे आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्या मूळ गावचा, सुपुत्र डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधल्या राष्ट्राध्यक्ष निवासात राहायला गेला, तिथल्या भारतीयांनी त्याला एकगठ्ठा मते दिली, मे महिना असल्याने मतदान केंद्राबाहेर हापूसच्या पेट्या फुटल्या आणि इकडे वराडात ढोल वाजले. छान. आमच्या वाडीतले दोघे-तिघे तर वाचून इतके खूश झाले की पुरवणी घेऊन माझ्याच पडवीत आले. एकाने विचारले, "गुरुजी, तुमच्या चेडवाक थय मत देवक गावता मां?"

नाही गावत, तिला तिथे मत देता येत नाही. आणि ते का गावत नाही, हे त्या पूर्ण पानभर लेखात एका ओळीनेही आलेले नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझी मुलगी नर्स आहे. आयर्लंडला गेली, काही वर्षे तिथल्या इस्पितळात रात्रपाळ्या केल्या, रीतसर अर्ज केला आणि किलार्नी गावच्या मोठ्या सभागृहात शेकडो लोकांबरोबर उभी राहून तिने त्या देशाशी निष्ठेची शपथ घेतली. आपला पासपोर्ट परत करावा लागला. त्या दिवशी तिने फोन केला तेव्हा आम्ही दोघे बराच वेळ काहीच बोललो नाही. पुढे जावयांची नोकरी न्यूरीला लागली म्हणून बिऱ्हाड तिकडे हलले. न्यूरी उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या अमलाखाली. तिथून सीमेपलीकडचे डंडॉक सुमारे २० किलोमीटर. आमच्याकडे लोक बाजाराला याहून लांब जातात. मध्ये ना नाका, ना शिपाई. रस्त्याकडेच्या पाट्यांवर वेगाचे आकडे मैलांचे किलोमीटर होतात, एवढीच काय ती खूण. पण तेवढ्या अंतरात माझ्या मुलीचे मत गेले. आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षासाठी मत द्यायचे तर नागरिकाला त्या देशात राहावे लागते. वकिलातीतल्या अधिकाऱ्यांसारखे थोडे अपवाद सोडले, तर बाहेर राहणाऱ्याला मत नाही, मग तो ऑस्ट्रेलियात असो की २० किलोमीटरवर.

मी हे ऐकीव सांगत नाही. गेल्या निवडणुकीला, २४ ऑक्टोबर २०२५ ला, मी तिथेच होतो. आदल्या दिवशी भाऊबीज झाली होती. मुलीची एक मैत्रीण, तीही नर्स, मूळची केरळची, डंडॉकला राहते. तिला फराळ द्यायला आम्ही गेलो. (माझ्या व्हिसावर दोन्हीकडे चालेल असा शेरा होता, नाहीतर ते २० किलोमीटर मला मुलीपेक्षाही महाग पडले असते.) मैत्रीण म्हणाली, मत टाकून येऊ आणि मग चहा घेऊ. केंद्र एका शाळेत होते. ती आत गेली. माझी मुलगी तिचे पोर कडेवर घेऊन फाटकाबाहेर उभी राहिली. दोघींचे पासपोर्ट एकाच रंगाचे, शपथ एकच. एक आत, एक बाहेर.

मी ३१ वर्षे शिक्षक होतो आणि त्यातली बरीचशी मतदान केंद्रांवर गेली. आदल्या रात्री साहित्य ताब्यात घेणे, शाळेच्या बाकांवर झोपणे, पहाटे प्रतिनिधींसमोर पेटी रिकामी दाखवणे, संध्याकाळी पडलेल्या मतांचा, म्हणजे नमुना १७ क चा, हिशेब जुळेपर्यंत जीव टांगणीला, हे सगळे केलेले आहे. त्यामुळे मैत्रीण बाहेर आल्यावर मी आधी तिचे बोट पाहिले. शाई नाही. विचारले, तर म्हणाली, शाई लावतच नाहीत, आणि मतपत्रिकेवर पेन्सिलीने आकडे लिहायचे. पेन्सिलीने! आमच्या वेळी पेन्सिल दिली असती तर निलंबनाचा कागद शाळेत माझ्या आधी पोचला असता. पण गंमत अशी, की तिथे कुणाला त्याची फिकीर नव्हती.

आता त्या आकड्यांबद्दल. तुमच्या लेखात "सर्वाधिक मते मिळवून विजयी" असे आहे. तिथे तसे नसते. उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा. पहिल्या मोजणीत कुणाला निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बघायची. १९९० मध्ये ब्रायन लेनिहन पहिल्या पसंतीत पुढे होते, ४४ टक्क्यांवर. तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराची मते वाटल्यावर मेरी रॉबिन्सन निवडून आल्या, त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. आपल्या वाचकांना हे जड जाईल असे वाटून गाळले असेल, तर १९६९ आठवा. आपले राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवरच निवडून आले होते. मी तेव्हा शाळेत होतो, आमच्या गुरुजींनी फळ्यावर गणित मांडून दाखवले होते. आणि हेच गिरी तरुणपणी कायदा शिकायला कुठे होते? डब्लिनला. वराडखेरीज आणखी एक धागा तुमच्या लेखकांच्या हाताशी होता, त्यांनी हापूस निवडला.

हापूसचेही सांगतो. गेल्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष झालेल्या कॅथरीन कॉनोली यांनी ११ नोव्हेंबर २०२५ ला शपथ घेतली. मुदत सात वर्षांची. म्हणजे पुढची निवडणूक २०३२ च्या शरद ऋतूत, दिवाळीच्या आसपास. मेमध्ये ती तेव्हाच होईल, जेव्हा त्या मध्येच पायउतार होतील किंवा काही अशुभ घडेल. हापूसच्या एका पेटीसाठी लेखकांनी एका बाईंचे पद परस्पर रिकामे केले! शिवाय त्या दुसऱ्यांदा उभ्या राहू शकतात आणि त्यासाठी स्वतःचे नाव स्वतःच सुचवू शकतात. लेखात त्यांचा उल्लेखही नाही. ६३ टक्के मते मिळवलेली बाई सात वर्षांनी हवेत विरली असे समजायचे का?

इतरांना उभे राहणे तितके सोपे नाही. एकतर संसदेच्या २० सदस्यांच्या सह्या हव्यात किंवा ३१ पैकी चार स्थानिक परिषदांचे ठराव. २०२५ मध्ये एक बाई १८ सह्यांवर अडकल्या. मतपत्रिकेवर तीनच नावे आली, त्यातल्या जिम गॅव्हिन यांनी मुदत उलटल्यावर माघार घेतली, पण नाव छापलेले राहिले आणि माघार घेतलेल्या माणसालाही एक लाखावर मते पडली. वर दोन लाखांहून जास्त मतपत्रिका बाद. नजरचुकीने नव्हे, मुद्दाम, पर्यायच नाहीत म्हणून रागाने. केंद्राध्यक्ष म्हणून मला तो आकडा वाचून घाम फुटला. आपल्याकडे निदान 'नोटा'चे बटण असते. कल्पनालेखाला यातली एकेक गोष्ट पुरली असती.

वराडबद्दल माझी तक्रार नाही. मी त्याच तालुक्यातला. लिओ वराडकर २०१९ च्या डिसेंबरात पंतप्रधान असताना गावी येऊन गेले, तेव्हा अभिमान आम्हालाही वाटला. पण त्यांचा जन्म डब्लिनचा, आई वॉटरफर्डकडची, तीही नर्स. तिच्या गावचे ढोल तुमच्या लेखात कुठे वाजले नाहीत. आणि ते पंतप्रधान होते. आता ज्या पदाची गोष्ट चालली आहे, ते वेगळे. लेखात दोन्ही पदे तीन ठिकाणी एकमेकांत मिसळली आहेत. पंतप्रधानाला तिथे जे म्हणतात ते तुम्ही 'ताओइसेच' असे छापले आहे. तिकडचे लोक 'टीशक' असे काहीसे म्हणतात. राष्ट्राध्यक्ष सरकार चालवत नाही. एखाद्या विधेयकावर शंका असली तर सही करण्याआधी ते सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवणे, हा त्याच्या हातातला मोठा अधिकार. बाकी बोलणे.

पण त्या बोलण्याला किंमत असते. २०२५ च्या उन्हाळ्यात तिकडे भारतीयांना मारहाण झाली, एका सहा वर्षांच्या मुलीलाही सोडले नाही. आम्ही इथे रात्र-रात्र जागे होतो. तेव्हा राष्ट्राध्यक्ष हिगिन्स यांनी ऑगस्टमध्ये निवेदन काढून त्या हल्ल्यांचा निषेध केला आणि भारतीयांनी त्या देशासाठी केलेल्या कामाची आठवण करून दिली. मुलीने ते आमच्या घरच्या ग्रुपवर टाकले. खाली एवढेच लिहिले, "बाबा, हे आमचे राष्ट्राध्यक्ष." तिच्या आईने ते अजून पुसलेले नाही, फोन भरला तरी.

त्या 'आमचे'ला मत नाही, हे मला दोन महिन्यांनी त्या शाळेच्या फाटकाशी कळले. घरी परतताना मी तिला विचारले, तर हसून म्हणाली, "बाबा, पस्तिशी झालीय माझी. मी उभी राहू शकते, फक्त मला मत नाही." मला थट्टा वाटली. थट्टा नव्हती. उत्तर आयर्लंडमधल्याच बेलफास्टला जन्मलेल्या, तिथल्याच विद्यापीठात काम करणाऱ्या मेरी मॅकअलीस १९९७ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष झाल्याच की. आणि याहून वर कडी म्हणजे, आयरिश नागरिक म्हणून न्यूरीत तिला ब्रिटिश पार्लमेंटसाठी मत आहे. ज्या देशाचा पासपोर्ट नाही तिथे मत, ज्याचा आहे तिथे नाही, आणि जिथे जन्मली, जिथे बापाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटांना शाई लावली, तिथल्या यादीतून नाव कधीच गेले.

हे बदलावे म्हणून तिकडे बरीच वर्षे चर्चा आहे. घटनाविषयक परिषदेने २०१३ मध्येच बाहेरच्या नागरिकांना राष्ट्राध्यक्षासाठी मत द्यावे अशी शिफारस केली. २०१९ मध्ये सार्वमत घ्यायचे ठरले होते, ते लांबले ते लांबलेच. आता सांगा, कल्पनाच करायची होती, आणि एक अख्खे पान हाताशी होते, तर २०३२ पर्यंत ते सार्वमत झाले, लोकांनी हो म्हटले, आणि न्यूरीहून एक नर्स रात्रपाळी संपवून मत द्यायला निघाली, अशी कल्पना करायला किती शाई लागली असती? पण लेखकांना उमेदवार आपला हवा होता. मतदार कुठला का असेना.

पत्र लांबले. कापायचे झाल्यास पेन्सिलीचा भाग कापा, मुलीचा ठेवा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. मालवण

ता. क. — त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्यात आडवा ७ आणि उभा ३ जुळत नाहीत. एकात 'ळ' हवा, दुसऱ्यात 'ल'. हे मात्र कल्पनेत न सोडवता पुढच्या रविवारी, म्हणजे आमच्या सोमवारी, दुरुस्त करावे.