आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: नफा नसलेल्या प्रश्नांसाठीही निधी हवा

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

सकाळी उठल्यावर पहिला तासभर माझे हात माझं ऐकत नाहीत. बोटं मिटत नाहीत, शर्टाचं बटण काजात जात नाही, बाटलीचं झाकण दातांनी फिरवावं लागतं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, जडून मला चौदा वर्षं झाली. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घेते, म्हणून हे पत्र स्वतः टाइप करू शकते आहे.

हे औषध मुळात कर्करोगाचं. अगदी कमी मात्रेत ते आमवातावर लागू पडतं, हे १९८० च्या दशकातल्या चाचण्यांनी दाखवून दिलं. त्याचं पेटंट कधीच संपलं. मग त्यावर नवी चाचणी करायला कुठली कंपनी पुढे येणार? आजार आटोक्यात आल्यावर कोणाची मात्रा बिनधोक कमी करता येईल, हे आधीच ओळखायचं कसं? मी हे दर वेळी विचारते आणि माझे डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणतात, ‘करून बघू.’

असे प्रश्न सरकारी पैशातूनच सुटतात, आणि सुटलेही आहेत. २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ३५३ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. एकट्या मेथोट्रेक्सेटने ज्यांचं भागत नव्हतं, त्यांच्यापैकी काहींना आणखी दोन जुनी, स्वस्त औषधं जोडून दिली, तर काहींना महागडं एटानरसेप्ट इंजेक्शन. जुनी औषधं कमी पडली नाहीत. त्याआधी २००२ मध्ये ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी गुडघ्याची झीज झालेले १८० रुग्ण घेतले. काहींची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली, काहींना कातडीवर नुसते छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांनंतरही दोन्ही गटांच्या वेदनेत फरक नव्हता. शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरली, तर ते सांगण्यात कोणाचा फायदा? फक्त रुग्णाचा. सायटिकासाठी, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेसाठी, दिल्या जाणाऱ्या प्रीगॅबालिनचंही २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात तेच झालं: औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा जास्त आराम नाही, चक्कर मात्र जास्त.

महोदय, मीही एका चाचणीत होते. दीड वर्ष दर महिन्याला रक्त दिलं. सुजलेले सांधे मोजून घेतले, पानंच्या पानं भरली. त्या पानांत थकव्याबद्दल एक ओळ नव्हती. आणि हा थकवा झोपेने जात नाही. दुपारी जिना चढताना मधल्या पायरीवर बसायला लावतो. सुजेपेक्षा मला त्यानेच जास्त जखडलं आहे. थकवा मोजायलाच हवा, हे जगभरच्या रुग्णांनी लावून धरलं, तेव्हा कुठे संशोधकांनी मानलं. म्हणून चाचणी कागदावर आखली जात असतानाच आमच्यापैकी कोणीतरी तिथे बसलेलं असावं.

माझं मागणं असं आहे. जुनी औषधं, व्यायामोपचार, औषध कमी करण्याची पद्धत यांच्या चाचण्यांसाठी अर्थसंकल्पात वेगळी तरतूद करा. पैसे देताना अट घाला, की निकाल काहीही लागो, तो ठरलेल्या मुदतीत जाहीर होईल आणि भाग घेतलेल्या प्रत्येकाला साध्या भाषेत कळवला जाईल.

माझी चाचणी संपली त्याला सहा वर्षं झाली. मला खरं औषध मिळत होतं की नकली, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आपली,
एक रुग्ण