सेंटर पुन्हा घ्यायचा तर दोन्ही टोकांचा हिशेब करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोळा झाला की आमच्याकडच्या तालुक्याच्या गावांत बास्केटबॉल मंडळांची खुल्या गटाची संघबांधणी सुरू होते आणि दरवर्षी तोच प्रश्न पुढे येतो. पस्तिशी ओलांडलेला, सहा फूट तीन-चार इंचांचा, मागच्या हंगामात संघाकडून सर्वाधिक गुण काढणारा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, पुन्हा घ्यायचा का? त्याचे मानधन, जाण्यायेण्याचा खर्च आणि बारा जणांच्या यादीतली एक जागा, असे सगळे त्यात अडकलेले असते. एक बाजू म्हणते, तो नसला तर गुण कोण काढणार? दुसरी म्हणते, आता त्याचे धावणे होत नाही. दोघांपैकी कुणीच स्कोअरशीट उघडून बसत नाही. आमचे मत असे की त्याला ठेवावे, पण एकाच हंगामासाठी, बाकावरून उतरणारा खेळाडू म्हणून, आणि तेही हिशेब मांडून झाल्यावर.

आधी गुणांचे पाहू. सामन्यात १५ गुण ऐकायला चांगले वाटतात, पण त्यासाठी संघाचे किती चेंडू खर्ची पडले? मोजायची रीत सोपी आहे. बास्केटचे एकूण प्रयत्न, त्यात फ्री थ्रोच्या संख्येला ०.४४ ने गुणून येणारा आकडा, आणि त्याच्या हातून गेलेले चेंडू, या तिन्हींची बेरीज करायची. समजा त्याने १४ प्रयत्नांत ६ बास्केट केल्या, ५ फ्री थ्रोपैकी ३ यशस्वी केले आणि ३ वेळा चेंडू गमावला. गुण झाले १५, खर्ची पडलेले चेंडू १४ अधिक २.२ अधिक ३, म्हणजे १९.२. एका चेंडूमागे ०.७८ गुण. बाकीचे चौघे एका चेंडूमागे ०.९ गुण काढत असतील, तर सर्वाधिक गुणांचा मानकरीच संघाला मागे ओढतो आहे. निदान सहा सामन्यांचा असा हिशेब काढावा, एकदोन सामन्यांवरून काही ठरत नाही.

मात्र या हिशेबात त्याचे एक मोठे काम दिसत नाही. पोस्टवर, म्हणजे रिंगजवळ, चेंडू मिळाला की त्याच्यावर दोघे धावतात आणि बाहेर कुणीतरी मोकळा राहतो. म्हणून त्याने बाहेर दिलेल्या पासवर पुढे काय झाले, हे वेगळ्या रकान्यात लिहावे. तसेच त्याने प्रतिस्पर्ध्यांकडून काढून घेतलेले फाउलही. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून दोन फ्री थ्रो मिळतात. पहिल्या पाच मिनिटांत तीन फाउल मिळवून देणारा सेंटर संघाच्या नावावर बरेच काही जमा करतो, जरी ते गुण गार्डच्या (बाहेरून चेंडू खेळवणाऱ्याच्या) नावावर लागले तरी.

पोस्टवरचा खेळ फसतो तो बहुधा त्याच्यामुळे नाही, चेंडू देणाऱ्यामुळे फसतो. गार्ड समोरून, कमानीच्या मध्यावरून पास देऊ पाहतो, तिथून कोन मिळत नाही. बाजूला, साधारण ४५ अंशांवर जाऊन बाउन्स पास द्यावा लागतो. तोवर सेंटर रंगवलेल्या पट्ट्यात उभा राहून तीन सेकंदांच्या मर्यादेचे उल्लंघन करून बसतो, नाहीतर शॉटसाठी मिळणाऱ्या २४ पैकी १२ सेकंद निघून गेलेले असतात.

आता दुसऱ्या टोकाचे. वय सगळ्यात आधी दिसते ते पिक अँड रोलच्या बचावात, म्हणजे चेंडूवाल्या गार्डचा साथीदार बचाव करणाऱ्याच्या वाटेत आडवा उभा राहून (स्क्रीन) मग रिंगकडे वळतो तेव्हा. प्रतिस्पर्धी त्याच्याच माणसाला स्क्रीनला आणतात. तो मागे थांबला तर गार्ड निवांत उडी मारून शॉट घेतो, पुढे आला तर परत फिरेपर्यंत मागे रिंगखाली बास्केट होऊन जाते. किती वेळा असे झाले आणि त्यावर किती गुण गेले, हे कुणीतरी बाकावर बसून टिपले पाहिजे. आमच्या मते हा निर्णयातला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे, आणि नेमका तोच कुणी लिहीत नाही.

इथे एनबीएची (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची) उदाहरणे देणाऱ्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. तिथे बचाव करणाऱ्यालाही तीन सेकंदांचा नियम आहे. आपण फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी खेळतो, त्यात तो नाही. त्यामुळे मंद झालेल्या सेंटरला २-३ झोनच्या (माणसामागे न धावता जागा राखायची, पुढे दोघे, मागे तिघे) मधोमध, रिंगखाली उभे ठेवता येते. उघड्या सिमेंटच्या मैदानावर, वाऱ्यात, ६.७५ मीटरवरून, म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेरून, सातत्याने टाकणारे संघ थोडेच असतात, म्हणून हा झोन आपल्याकडे चालतो. तो मोडतो दोन ठिकाणी. फ्री थ्रोच्या रेषेवर चेंडू आला की सेंटरला पुढे यावेच लागते आणि मागची जागा उघडी पडते. शिवाय झोनमध्ये कुणी कुणाला अडवायचे हे ठरलेले नसल्याने विरुद्ध बाजूचा रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा परतलेला चेंडू) हातून जातो. या दोन्ही ठिकाणी धावून जाणारे पाय शेजारच्या दोघा फॉरवर्डकडे हवेत.

तरी एनबीएतल्या उंच खेळाडूंचे तीन दाखले पाहण्यासारखे आहेत. शिकागो बुल्सने २०२३ मध्ये निकोला वुचेविचला ३ वर्षांसाठी ६ कोटी डॉलर देऊन ठेवले. तो गेला असता तर सॅलरी कॅपच्या (संघाच्या पगारखर्चावरील मर्यादेच्या) नियमांमुळे तेवढ्याच पैशांत दुसरा घेता आला नसता, हे त्यामागचे मोठे कारण. पुढची दोन्ही वर्षे संघ ३९ जिंकून ४३ हरला. आपल्या मंडळाला असली अडचण नाही, वाचलेला रुपया दुसरीकडे लावता येतो. ब्रूक लोपेझने पहिल्या आठ हंगामांत मिळून तीन गुणांच्या फक्त ३ बास्केट केल्या होत्या, २०१६-१७ या एका हंगामात १३४ केल्या आणि त्याची कारकीर्द लांबली. टिम डंकनला सॅन अँटोनियो स्पर्सने २०१५ मध्ये कमी पैशांत ठेवले. त्या हंगामात त्याची सरासरी ८.६ गुणांचीच होती, खेळला सामन्यात २५ मिनिटांच्या आसपास, आणि संघ ६७ सामने जिंकला.

मिनिटे कमी करणे आमच्या सिमेंटवर तर जास्तच गरजेचे आहे. सिमेंट धक्का शोषत नाही, उडीनंतरचा बराच भार गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर (टेंडनवर) येतो. ४० पैकी १६ ते १८ मिनिटे पुरेत: दुसऱ्या क्वार्टरची पहिली आठ, जेव्हा समोर त्यांचे राखीव खेळाडू असतात, आणि चौथ्याची शेवटची आठ. स्पर्धेत एका दिवशी दोन सामने आले तर एकालाच उतरवावे. सरावाआधी भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखे ४५ सेकंद बसणे, असे पाच वेळा करावे. दुखरा गुडघा यामुळे काही जणांना थोडा वेळ कमी दुखतो.

निवडीआधी त्याची एक चाचणी जरूर घ्यावी. बाजूरेषेपासून बाजूरेषेपर्यंत १५ मीटरच्या १७ फेऱ्या, मग दोन मिनिटे विश्रांती, पुन्हा १७. पहिला वेळ किती आला यापेक्षा दुसरा किती घसरला ते बघावे. आठ-दहा सेकंदांनी घसरला तर चौथ्या क्वार्टरमध्ये त्याच्यावर भिस्त ठेवता येणार नाही.

मानधन ठरवताना पाडव्याला ठरणारे सालगड्याचे साल आठवावे, ते एकाच वर्षाचे असते. दोन-तीन हंगामांचा शब्द देऊ नये. रकमेचा काही भाग सरावाच्या हजेरीशी जोडावा. कापसाची वेचणी सुरू झाली की सरावाला आठ जण जमणेही मुश्कील होते, अशा वेळी ज्येष्ठ खेळाडूच आला नाही तर पोरेही येत नाहीत. आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी, अर्धा-अर्धा तास, त्याने गावातल्या सतरा-अठरा वर्षांच्या उंच पोराला ड्रॉप स्टेप (पाय मागे टाकून रिंगकडे वळणे), डाव्या हाताचा हुक (डोक्यावरून वळवून टाकलेला शॉट) आणि पाठीवर माणूस रोखून धरणे शिकवावे. हे करारातच लिहावे. उरलेली २२ ते २४ मिनिटे त्याच पोराला खेळायची आहेत, आणि पहिल्या दोन-तीन सामन्यांत तो चुकेल, पाच फाउल करून बाहेरही जाईल, हे मंडळाने आधीच धरून चालावे.

प्रवेशअर्जावर बारा नावे लिहिण्याआधी मागच्या हंगामाची स्कोअरबुके शोधून काढा. बहुतेक मंडळांत ती कपाटात पडून असतात.

आपला,
एक क्रीडाशिक्षक
ता. आर्वी, जि. वर्धा