‘अर्थिंग’ आणि ‘ग्राउंड’ यांची गल्लत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे नवे कारखाने यावेत, या मागणीशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र या कारखान्यांना लागणारी मुले आपण कशी घडवतो, याकडेही पाहायला हवे. अंबड औद्योगिक वसाहतीत मी सर्किट बोर्डाच्या आरेखनाचे काम करतो आणि दरवर्षी नव्याने रुजू होणाऱ्या अभियंत्यांत एक गैरसमज हमखास आढळतो. ‘ग्राउंड’ म्हणजे नको असलेला प्रवाह जिरवून टाकणारी जागा, असे त्यांना वाटत असते. खरे तर बोर्डावरील ‘ग्राउंड’ ही प्रवाहाच्या परतीची वाट असते, तर ‘अर्थिंग’ म्हणजे जमिनीशी केलेली जोडणी. दोष त्यांचा नाही. मीही तेच शिकून आलो होतो.

त्याची किंमत आम्ही मोजली आहे. मोटार नियंत्रणासाठी आम्ही एक दोन लेअरचे (तांब्याचे दोन थर असलेले) कार्ड, म्हणजे सर्किट बोर्ड, केले होते. टेबलावर ते उत्तम चाले. मोटार सुरू झाली की मात्र अधूनमधून आपोआप रीसेट होई. ‘अर्थिंग वीक आहे’ असे निदान झाले आणि त्याला कोणीही, अगदी मीसुद्धा, हरकत घेतली नाही. शेडमागे खड्डा खणला, कोळसा आणि मीठ भरले, तांब्याची पट्टी खाली सोडली आणि भर उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी ओतले. अर्थ टेस्टरवर रीडिंग झकास आले, कार्ड मात्र रीसेट होतच राहिले. पुढे कसारा घाट उतरून तेच कार्ड तपासणीसाठी प्रयोगशाळेत नेले, तेव्हा त्यातून बाहेर पडणारे विद्युतचुंबकीय उत्सर्जन १२५ आणि १७५ मेगाहर्ट्झला, म्हणजे त्यावरील २५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकच्या (सर्किटला ठोका देणाऱ्या सिग्नलच्या) नेमके पाच आणि सात पटीला, मर्यादेबाहेर निघाले.

कारण खड्ड्यात नव्हते, कार्डाच्या पाठीवर होते. ‘ॲनालॉग आणि डिजिटल ग्राउंड वेगळे ठेवा’ हा पाठ केलेला नियम पाळून आम्ही खालच्या, ग्राउंड म्हणून वापरलेल्या तांब्यात एक लांब फट ठेवली होती आणि दोन्ही भाग एका कोपऱ्यात जोडले होते. क्लॉकचा ट्रॅक (सिग्नल नेणारी तांब्याची रेघ) नेमका त्या फटीवरून जात होता. ट्रॅक जिथे फट ओलांडतो, त्या जागी तांब्याच्या पत्र्याची कात्रीने कापलेली नखाएवढी पट्टी डाग देऊन बसवली आणि दोन्ही तक्रारी मिटल्या.

असे का झाले, हे समजायला अवघड नाही. ट्रॅकवरून गेलेला प्रवाह स्रोताकडे परत यावाच लागतो. डीसी किंवा कमी वारंवारतेला तो कमीत कमी रोधाची वाट धरून प्लेनभर, म्हणजे ग्राउंडच्या सलग तांब्यावर, पसरतो. वारंवारता वाढली की इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) सर्वांत कमी असलेली वाट, म्हणजे बरोबर ट्रॅकखालची वाट, पकडतो. ट्रॅक आणि प्लेन यांत ०.२ मिलिमीटर अंतर असेल, तर परतीच्या प्रवाहाचा सुमारे ८० टक्के भाग ट्रॅकच्या दोन्ही बाजूंच्या प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या पट्ट्यात सामावतो. या पट्ट्यातच फट आली, तर गोदेच्या पुरात नाशिकचा रामसेतू पूल पाण्याखाली गेल्यावर पंचवटीत जाणाऱ्याला होळकर पुलाचा वळसा पडावा, तसा वळसा त्या प्रवाहाला पडतो. जाणारी आणि येणारी वाट यांच्यामध्ये जे रिंगण तयार होते, तेच अँटेना बनते. ते बाहेर गोंगाट फेकते आणि शेजारच्या मोटारीचा गोंगाट आतही ओढून घेते.

यावर ‘२५ मेगाहर्ट्झ म्हणजे कुठे हायस्पीड?’ असे विचारले जाते. प्रश्न क्लॉकच्या वारंवारतेचा नसून सिग्नल खालच्या व्होल्टेजवरून वरच्या व्होल्टेजला किती झटक्यात चढतो, याचा आहे. चढायला एक नॅनोसेकंद लागत असेल, तर त्यातील वारंवारतांचा आशय साधारण ३५० मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेला असतो. आणि तेवढ्या वेळात तो नेहमीच्या एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीच्या) बोर्डवर जेमतेम १५ सेंटिमीटर जातो. चिपच्या नव्या आवृत्त्या तर आणखी झटकन चढतात, त्यामुळे दहा वर्षे निमूट चाललेले आरेखन तोच क्रमांक असलेली नवी चिप लावताच बिघडू शकते. (मोजतानाही फसगत होते. स्कोपच्या, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राच्या, प्रोबची ग्राउंडला जोडायची मगरक्लिपवाली लांब वायर लावली, की सिग्नलमध्ये नसलेले हेलकावे पडद्यावर दिसतात आणि माणूस दिवसभर त्यांचाच माग काढत बसतो.)

जमिनीतील अर्थिंगला मी कमी लेखत नाही. शॉकपासून माणसाचा जीव तेच वाचवते आणि मेन्सचा भाग कमी व्होल्टेजच्या भागापासून विलग ठेवणेही अनिवार्यच आहे. पण ते काम निराळे. ओझरला जुळणी झालेल्या सुखोईला आकाशात कोणता खड्डा असतो? तरीही त्यातील प्रत्येक बोर्डला ग्राउंड असतेच.

खरेदी विभागांविषयीही एक तक्रार आहे. चार लेअरचा बोर्ड महाग म्हणून दोन लेअरचा आग्रह धरला जातो, मग उरलेल्या जागेत ‘ग्राउंड भरून टाका’ असे सांगितले जाते. ट्रॅकनी चिरफाड झालेले असे तांबे दिसायला भरगच्च दिसते, परतीची वाट म्हणून कुचकामी असते. त्यात वाचलेले पैसे घाटातल्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आणि नंतर चिकटवलेल्या फेराइटमध्ये (गोंगाट शोषणाऱ्या चुंबकीय तुकड्यांमध्ये) निघून जातात.

माझी विनंती छोटी आहे. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी व तंत्रनिकेतनांनी तिसऱ्या वर्षी एक प्रात्यक्षिक घ्यावे. एकाच सर्किटचे दोन बोर्ड घ्यावेत, एकाचे प्लेन अखंड आणि दुसऱ्याच्या प्लेनमध्ये ट्रॅकखाली फट असलेले. कोॲक्सिअल केबलच्या टोकाला वायरचे एक लहान वेटोळे डाग द्यावे, ते दोन्ही बोर्डांवरून फिरवावे आणि स्कोपवर काय दिसते ते विद्यार्थ्यांनी स्वतः वहीत उतरवावे. आमच्याकडे अशी जोडी तयार आहे. ज्या प्राध्यापकांना ती हवी असेल, त्यांना विनामूल्य देऊ; त्यांनी आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयामार्फत कळवावे.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक