सिंकमधला ग्राइंडर कचराकुंडी नाही!

संपादक महोदय,

सिंकखाली कचरा दळायचं मशीन असलं की लोक त्यात वाट्टेल ते ढकलतात. आमचंही तसंच, परवा बटाट्याची ढीगभर सालं एकदम टाकली, त्यांचा चिकट लगदा पाइपात बसला आणि सगळं घाण पाणी वर सिंकमध्ये. आत मिक्सरसारखी धारदार पाती असतात हा गैरसमज आहे, असतात ते फिरत्या तबकडीवरचे बोथट तुकडे, ते कचरा कडेच्या रिंगवर आपटून किसतात, म्हणून मक्याच्या सालीसारखे धागे कापले न जाता गुंडाळले जातात. तेल-तूप तर नकोच, गरम पाण्याबरोबर वितळून पुढे जातं आणि पाइपात गार होऊन थिजतं, त्यामुळे नळ गारच सोडायचा, आणि दळण झाल्यावरही थोडा वेळ चालू ठेवायचा (हे आमच्याकडे कुणी करत नाही).

मशीन न फिरता नुसतंच गुणगुणत असेल, म्हणजे आत काहीतरी अडकलं असेल, तर लगेच बंद करा, नाहीतर मोटर जळेल. प्लग काढा, बऱ्याच मॉडेलना तळाशी ॲलन कीसाठी (षटकोनी टोकाच्या किल्लीसाठी) भोक असतं, त्यात ती घालून मागेपुढे फिरवा, अडकलेला चमचा चिमट्याने काढा, हात घालू नका. मग खालचं लाल रीसेट बटण दाबा. आम्ही हे न बघताच मेकॅनिक बोलावला होता, त्याने ते बटण दाबलं आणि निघाला.

– एक वाचक