स्क्रब टायफस: नेहमीची इंजेक्शनं का हरतात?

संपादक महोदय,

पावसाळा सरताना विदर्भातून स्क्रब टायफस या तापाच्या बातम्या येतात आणि बहुतेक 'गवतातला चिगर माइट (अगदी बारीक कीटकासारखा जीव) चावतो' एवढ्यावरच थांबतात. तापाची नेहमीची इंजेक्शनं इथे का हरतात, हेही वाचकांना कळायला हवं.

हा ताप आणणारा ओरिएन्शिया हा जंतू पेशीबाहेर वाढूच शकत नाही. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशीला चिकटून तो तिच्याकडून स्वतःला गिळवून घेतो, गिळलेली पिशवी फोडून निसटतो आणि पेशीतल्या सूक्ष्मनलिकांच्या (बारीक नळ्यांच्या) रुळांवर चढतो. त्यांवरून पेशीचं सामान वाहून नेणारं डायनिन हे प्रथिन तो पकडतो आणि थेट केंद्रकाजवळ पोचतो. तिथे त्याची संख्या वाढते. बाहेर पडतानाही पेशीचंच पटल अंगावर ओढून निघतो!

सेफट्रायॅक्सोन हे तापाचं नेहमीचं इंजेक्शन जंतूची भित्तिका (बाहेरची भिंत) बांधू देत नाही. इथे ती भित्तिकाच नाममात्र, शिवाय हे औषध पेशीत फारसं शिरत नाही. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक पेशीच्या आत शिरतं आणि जंतूची प्रथिननिर्मिती रोखतं. प्रौढांना १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस. गरोदर स्त्रियांना त्याऐवजी अ‍ॅझिथ्रोमायसिन. अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

काख, जांघ, कमरपट्ट्याची जागा, स्तनांखालची घडी इथे माइट चावल्याच्या जागी पडणारी, सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली शोधावी. ती सहसा दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. सगळ्यांनाच ती असते असंही नाही. आयजीएम एलायझा ही रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी पहिल्या ४-५ दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. लक्षणं जुळत असतील तर तेवढ्यावरून डॉक्सिसायक्लिन लांबवू नये.

– सूक्ष्मजीवशास्त्राचे अध्यापक, नागपूर